सुती आस्मुंड

स्कारडाल गावात माणसाने काय वाटेल ते करावं. चर्चमध्ये घोरावं, शेजाऱ्याच्या कुंपणात गाडी घालावी, निवडणुकीला उभं राहून बायकोचंही मत गमवावं. गाव दोन वर्षं हसतं आणि सोडून देतं. पण ईस्टरच्या सुट्टीत सुती शर्ट घालून डोंगरावर जावं आणि बचाव पथकाने घसरगाडीला बांधून खाली आणावं, हे मात्र गाव सोडत नाही. मेल्यावर थडग्यावरसुद्धा हेच कोरतील, अशी आस्मुंडला खरोखर भीती वाटायची.

अकरा वर्षं झाली त्याला. लख्ख ऊन होतं, स्कीवर चढण चढताना घाम निथळणार, म्हणून पठ्ठ्याने लोकरीची बंडी घरीच ठेवली होती आणि अंगात निळ्या चौकड्यांचा सुती शर्ट घातला होता. समोर स्टाईनबू, डोंगरावर येणाऱ्यांसाठी बांधलेलं विसाव्याचं लाकडी घर, दिसत होतं, छपरावरचा झेंडासुद्धा दिसत होता. अर्ध्या तासाची तर वाट, असं म्हणून तो निघाला आणि दहा मिनिटांत बर्फाचं वादळ आलं, त्याला स्वतःच्या स्कीची टोकं दिसेनाशी झाली. घामाने भिजलेलं सूत एकदा गारठलं की अंगातली सगळी ऊब ओढून घेतं. घराच्या दारापासून तीनशे पावलांवर तो बर्फात मुटकुळं करून पडलेला सापडला. आणि सापडला तो कोणाला? हालस्टाइनला. बचाव पथकातला सगळ्यांत मोठ्या तोंडाचा गडी, वर आस्मुंडच्या बायकोचा सख्खा भाऊ. नशीब म्हणतात ते हे असं.

स्टाईनबूत येणाऱ्या प्रत्येकाने तिथल्या वहीत नाव लिहायचं, कुठून आलात ते लिहायचं आणि हवा कशी होती तेही लिहायचं, असा रिवाज आहे. त्या दिवशी आस्मुंडची बोटं पेन धरण्याच्या लायकीची नव्हती, म्हणून हालस्टाइनने लिहिलं: ‘उचलून आणला. माणूस एक. सुती.’ झालं. तेव्हापासून आस्मुंड गावाचा सुती आस्मुंड झाला.

बारसं असो, लग्न असो, मयताचं जेवण असो, हालस्टाइनला दोन घोट गेले की ती गोष्ट निघायची. "शर्ट असा कडक झाला होता, पुठ्ठ्यासारखा! मी वाजवून बघितला त्याला. दारावर वाजवतात तसा!" आणि मग तो बोटांच्या पेरांनी टेबल वाजवायचा, टक् टक् टक्, आणि मंडळी पोट धरून हसायची. आस्मुंडही हसायचा. काय करणार? कान मात्र लाल व्हायचे.

स्वतःचं एक वेळ चाललं असतं. पण त्याची मुलगी सिग्नी आता सोळा वर्षांची होती आणि शाळेत तिला ‘सुतीची पोर’ म्हणत. दहा वर्षांची झाल्यापासून ती बापाबरोबर एकदाही डोंगरावर गेली नव्हती. मैत्रिणींबरोबर जायची, मामाबरोबर जायची. बापाने विचारलं की तिला नेमका अभ्यास आठवायचा. ते मात्र आस्मुंडला लागायचं, फार लागायचं.

त्या वर्षी ईस्टरच्या आधी आठ दिवस गुनवोरबाई स्वतःच्याच घराच्या पायरीवर घसरल्या आणि त्यांचा घोटा मोडला. ईस्टरच्या शनिवारी गावाची जी सहल स्टाईनबूला जाते, ती बावीस वर्षं गुनवोरबाईंनी नेलेली. आता कोण नेणार, याची चर्चा सुरू व्हायच्या आतच बाई कुबड्या टेकत गावच्या दुकानात आल्या आणि चीजच्या कपाटापाशी उभ्या असलेल्या आस्मुंडच्या हातात त्यांनी आपली पितळी शिट्टी ठेवली.

"शनिवारी तू ने," त्या म्हणाल्या.

दुकानातलं बिल करणारं यंत्रसुद्धा गप्प झालं. हालस्टाइन तिथेच होता, संत्री निवडत. "काय चेष्टा लावलीये बाई? मी आहे की! वीस वर्षं बचाव पथकात आहे मी."

"म्हणूनच," गुनवोरबाई म्हणाल्या. "तुला लोकांना उचलून आणायची सवय आहे. मला असा माणूस हवाय की ज्याच्यामागे कुणाला उचलायला जावं लागणार नाही. हा एकदा गारठलाय. याच्याइतकं सामान गावात कुणी बांधत नाही."

ते खरंच होतं. आस्मुंडची पाठपिशवी ही गावातली दुसरी गंमत. बाजारात जाऊन यायचं तरी तिच्यात फावडं, मेणबत्त्या, दोन थर्मास आणि सुके मोजे. तो रात्री घरी गेला, शिट्टी टेबलावर ठेवली आणि बायकोला, बेरितला, म्हणाला, "मला नाही जमायचं."

बेरित बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. "जमेल. आणि नाही जमलं तर दुसरं नाव पडेल. यापेक्षा वाईट काय पडणार आहे?"

जिन्यावरून सिग्नीचा आवाज आला. "मीही येतेय शनिवारी. माझ्या वर्गातले तिघं येतायत, त्यांनी नाव दिलंय म्हणून. पण बाबा, एक सांगते. वर मी तुला ओळखत नाही."

"बरं," आस्मुंड म्हणाला. तेवढ्यावरसुद्धा तो खूश होता.

शनिवारी सकाळी नऊला गाड्या लावायच्या जागेवर मंडळी जमली. आस्मुंड धरून तेरा. सिग्नी आणि तिच्या वर्गातले तिघं, शाळेच्या बाई, त्यांचा नवरा आणि त्यांच्या नऊ वर्षांच्या जुळ्या मुली, पोस्टातलं एक जोडपं, हालस्टाइन, आणि ओस्लोहून आलेला फ्रेडेरिक नावाचा दंतवैद्य. आकाश धुतल्यासारखं निळं होतं. वारा नाही, ढग नाही. मोबाईलवर सगळीकडे पिवळा सूर्य दिसत होता. लोकांनी तोंडाला मलम फासलं होतं आणि जो तो कधी एकदा निघतो असं करत होता.

आस्मुंडने बर्फावर ताडपत्री अंथरली. "पिशव्या इथे उपड्या करा," तो म्हणाला.

"कस्टमवाले आले रे," हालस्टाइन म्हणाला. पोरं फिस्सकन हसली.

आस्मुंडने ते कानाआड केलं. एकेकाचं सामान तो हात लावून बघत गेला. अंगाला लागून लोकर आहे का, हातमोज्यांचा जादा जोड आहे का, वारा अडवणारं जाकीट आहे का. पोस्टातल्या जोडप्याला त्याने टोपी आणायला परत गाडीकडे पिटाळलं. दंतवैद्यापाशी येऊन तो थांबला. त्याने त्याच्या गळ्याशी बोट घातलं आणि आतल्या कापडाची चिमूट धरली.

"हे काय?"

"बनियन," फ्रेडेरिक म्हणाला. "अगदी उत्तम सूत आहे. महाग आहे."

 मग हालस्टाइन असा काही हसला की समोरच्या झाडावरचा बर्फ पडला. "आस्मुंड! तुझा भाऊ भेटला रे तुला!"

आस्मुंडचे कान लाल झाले. पण त्याने आपल्या अगडबंब पिशवीतून लोकरीची बंडी काढली आणि दंतवैद्याच्या हातात दिली. "गाडीच्या आड जा आणि बदलून ये. नाहीतर इथेच बस. मी नेणार नाही."

हे इथवर ठीक होतं. गुनवोरबाईही पिशव्या बघायच्या. पण यानंतर आस्मुंडने जे काढलं ते गावात कधी कुणी केलं नव्हतं. त्याने चार लाल घड्या ताडपत्रीवर ठेवल्या. वाऱ्याच्या पिशव्या. पातळ पण पक्क्या कापडाच्या, तीन माणसं आत शिरून तोंड ओढून घेऊन बसतील एवढ्या. गावात जवळजवळ प्रत्येक घरी अशी एखादी पिशवी असते आणि ती दुकानातून आणल्या घडीतच असते.

"आता तिघातिघांनी आत शिरा," आस्मुंडने घड्याळ हातात घेतलं. "स्की बाजूला रोवा, पाठपिशव्या खाली घेऊन त्यावर बसा, पिशवी डोक्यावरून ओढा, तोंड बंद करा."

"आत्ता? एवढ्या उन्हात?" शाळेच्या बाई म्हणाल्या.

"आत्ताच. बोटं गरम आहेत आणि एकमेकांचं बोलणं ऐकू येतंय, तोवर शिकून घ्या."

पहिल्या खेपेला सात मिनिटं लागली. जुळ्या पोरी उलट्या शिरल्या, पोस्टवाला पिशवीसकट घरंगळला. तेवढ्यात पर्यटकांची एक बस येऊन थांबली, आणि बर्फात वळवळणारे लाल गठ्ठे बघून पन्नास माणसं फोन काढून उभी राहिली. एका गठ्ठ्यातून सिग्नीचा आवाज आला, "बाबा, मला इथेच पुरून टाक आणि तुम्ही सगळे पुढे जा."

"पुन्हा," आस्मुंड म्हणाला.

दुसऱ्या खेपेला चार मिनिटं. तिसऱ्या खेपेला दोनला दहा सेकंद कमी. हालस्टाइन एकटा बाहेर उभा राहून संत्रं सोलत होता. "मी नाही बाबा शिरत," तो म्हणाला. "मी ही पिशवी वापरायला लागलो तेव्हा तू सुती लंगोटात होतास." पोरं पुन्हा हसली. आस्मुंडने काय करावं? भर चौकात मेव्हण्याशी भांडायचं? त्याने सोडून दिलं. ही त्याची त्या दिवसातली एकच चूक.

चाल मात्र झकास झाली. बर्फ वरून जरा मऊ, खाली घट्ट, स्की नुसत्या गात होत्या. बाराच्या सुमाराला सगळ्यांनी बर्फात उन्हाकडे तोंड करून खड्डा केला, त्यात कातडी अंथरून ओळीने बसले, संत्री फिरली, चॉकलेट फिरलं, सॉसेज भाजून झाले. जाकिटं उतरली. दंतवैद्य तर डोळे मिटून म्हणाला, "स्वर्ग तो हाच." आस्मुंड तेवढा उभा होता. घड्याळात दिसणारा हवेचा दाब तासाभरात दोनदा उतरला होता. सूर्याभोवती पुसट कडं दिसायला लागलं होतं. सकाळी अजिबात नसलेला वारा आता मानेवर थोडा थोडा लागत होता, आणि तो पश्चिमेकडून येत होता.

"उठा. जाकिटं घाला. निघायचं," तो म्हणाला.

"अरे, कॉफी तरी पिऊ दे!" हालस्टाइन कुरकुरला. पण शिट्टी आस्मुंडच्या गळ्यात होती, म्हणून सगळे उठले.

तिथून तासभर चालल्यावर ते मोठ्या काळ्या खडकापाशी पोचले. इथून पठार उघडं होतं. समोर गोठलेलं तळं, तळ्यापलीकडे स्टाईनबू. छपरावरचा लाल झेंडा दिसत होता, धुराड्यातून धूर निघत होता. तिथे गरम वॉफल मिळतात, तपकिरी चीज घालून. जुळ्यांनी आरोळी ठोकली आणि काठ्या रोवून पुढे सरसावल्या.

आस्मुंड पश्चिमेकडे बघत होता. तिकडे तीन सुळके आहेत. गावात त्यांना म्हातारा, म्हातारी आणि वासरू म्हणतात. सगळ्यांत लांबचा म्हातारा दिसत नव्हता. ढग आला नव्हता, काही नाही. नुसता म्हातारा तिथे नव्हता. आस्मुंडने घड्याळ बघितलं. चार मिनिटांनी म्हातारी गेली.

त्याने मनात हिशेब केला. मग पाचएक मिनिटांत वासरू जाणार, आणि वासरानंतर लगेच ते वादळ इथे. मुलींना घेऊन तळं ओलांडायला पाऊण तास तरी लागणार, आणि त्या तळ्यावर आडोसा म्हणून एक दगड नाही. हीच जागा. हाच झेंडा. ह्याच खडकाला वळसा घालून अकरा वर्षांपूर्वी तो शीळ घालत पुढे गेला होता.

त्याने शिट्टी वाजवली. "थांबा! सगळे परत! खडकाच्या मागे. खणायला लागा, आणि पिशव्या काढा."

तेरा जणांत असा काही गलका झाला म्हणता! पोस्टवाली म्हणाली, घर दिसतंय की. शाळेच्या बाई म्हणाल्या, मुली दमल्यात, त्यांना आत पोचवू. दंतवैद्य म्हणाला, ऊन आहे हो! आणि ऊन होतंच. आस्मुंडच्या तोंडावर ऊन होतं, आणि तो लोकांना भर उन्हात, वॉफलच्या वासाच्या टप्प्यात, खड्डा खणून बसायला सांगत होता.

हालस्टाइन पुढे आला. आता तो हसत नव्हता. "आस्मुंड, पुरे झालं आता. तू घाबरलायस, मला कळतंय. पण तुझ्या भीतीपायी पोरांना बर्फात बसवू नकोस. अर्ध्या तासाची वाट आहे. ज्यांना यायचंय त्यांनी माझ्यामागे या."

सगळे एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागले. एकीकडे वीस वर्षं बचाव पथकात काढलेला माणूस, दुसरीकडे सुती आस्मुंड. तुम्ही कुणाचं ऐकलं असतं?

"म्हातारा गेला, म्हातारी गेली," आस्मुंड म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, आणि कापतोय हे त्याला ऐकू येत होतं. "वासरू जायच्या आत पिशव्यांत बसा. एवढंच मागतो. आणि माझं चुकलं तर उद्या ही शिट्टी परत देईन आणि जन्मात डोंगराचं नाव काढणार नाही."

कुणी हललं नाही. मग स्की काढल्याचा खटका वाजला. सिग्नी. तिने स्की खडकापाशी रोवल्या, पाठपिशवी खाली टाकली, तिच्यावर बसली आणि लाल घडी उलगडायला लागली. वर बघून वर्गातल्या पोरांना म्हणाली, "बघताय काय? दोन मिनिटांच्या आत व्हायला हवं."

तिच्यामागून पोरं आली, पोरांमागून जुळ्या, जुळ्यांमागून आई-बाप, आणि मग सगळेच. फावडी चालायला लागली. हालस्टाइन मात्र "बसा मग अंडी उबवत" म्हणाला आणि काठ्या मारत तळ्याकडे निघाला.

वासरू गेलं.

आस्मुंडने जोरात हाक मारली, शिट्टी मारली. हालस्टाइनने वळून हात हलवला. आणि तो हात खाली यायच्या आत पांढरं आलं. वारा आधी नव्हता असं नाही, पण हा वारा वेगळाच होता. त्याने माणसाला विचारलंसुद्धा नाही. झेंडा गेला, तळं गेलं, हालस्टाइन गेला. बर्फाचे कण वाळू फेकल्यासारखे तोंडावर आपटत होते. आणि त्या गोंधळात तीन लाल पिशव्या एकापाठोपाठ एक डोक्यावरून ओढल्या गेल्या, तोंडं बंद झाली, कुणी किंचाळलं नाही, कुणी उलटं शिरलं नाही. सकाळी सात मिनिटं घेणाऱ्या मंडळींनी दोन मिनिटंसुद्धा घेतली नाहीत.

चौथ्या पिशवीच्या तोंडाशी आस्मुंड उभा होता. आत सिग्नी आणि दंतवैद्य. तो बाहेर पाऊल टाकणार एवढ्यात सिग्नीने आतून त्याची तंगडी धरली. "बाबा! तू जायचं नाहीस!"

तिचं बरोबर होतं. शोधायला गेला असता तर दोघं हरवले असते. तो ओणवा झाला, पाठपिशवीच्या पार तळात हात घातला आणि निळ्या चौकड्यांचा शर्ट बाहेर ओढला. हो, तोच. अकरा वर्षं तो त्याच्याबरोबर डोंगरावर यायचा. विसरू नये म्हणून ठेवलेला. त्याने शर्टाच्या बाह्या स्कीच्या टोकाला करकचून बांधल्या आणि ती स्की खडकाच्या कडेला उंच रोवली. शर्ट वाऱ्यात असा फडफडायला लागला की शिट्टीपेक्षा त्याचाच आवाज मोठा. मग त्याने शिट्टी तोंडात धरली आणि वाजवत राहिला. तीन वेळा, थांब. तीन वेळा, थांब. ओठ बधिर झाले, पितळ कातडीला चिकटलं, तरी वाजवत राहिला. आपल्याला त्या माणसाचा इतका राग होता, आणि आता तो यावा म्हणून आपण रडतोय, हे त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

पंधरा मिनिटांनी शर्टाखाली काहीतरी आपटलं. हालस्टाइन गुडघ्यांवर होता. एक स्की नव्हती, एका हातातला मोजा उडून गेला होता, पापण्या बर्फाने चिकटल्या होत्या. त्याला पिशवीचं तोंड सापडेना. तो कापडावर नुसते हात फिरवत होता. सिग्नीने अर्धं अंग बाहेर काढून मामाची कॉलर धरली आणि त्याला आत ओढलं.

तिघांच्या पिशवीत चौघं. दंतवैद्याच्या मांडीवर हालस्टाइनचे पाय आले. आस्मुंडने त्याचा उघडा हात आपल्या काखेत घेतला, मग त्यावर लोकरीचा जाड मोजा चढवला, थर्मासातलं गरम सरबत त्याच्या ओठाला लावलं.  एवढा वेळ गप्प बसलेला हालस्टाइन गावात कुणी पाहिला नसेल.

दर दहा मिनिटांनी आस्मुंड बाहेर जायचा, पिशव्यांवरचा बर्फ फावड्याने ओढायचा, प्रत्येक पिशवीवर हात मारून नावं विचारायचा. एका पिशवीतून गाणं ऐकू यायचं. जुळ्या पोस्टवाल्याला बेसूर म्हणून ओरडत होत्या. परत आत आला की सिग्नी त्याचे हात आपल्या हातात घेऊन चोळायची.

"बाबा, तुझे हात थरथरतायत."

"घाबरलोय ग."

"तेव्हा, त्या वेळी, घाबरला होतास?"

"छे," आस्मुंड म्हणाला. "तेव्हा अजिबात नाही. तिथेच तर चुकलं."

 सिग्नी त्याच्या दंडाला टेकून बसली, लहानपणी बसायची तशी. आस्मुंडला वाटलं, हे वादळ अजून थोडं चाललं तरी हरकत नाही.

एक तास चाळीस मिनिटं चाललं. मग कापडावर उजेड आला, वारा धापा टाकत बसला, आणि आस्मुंडने बाहेर डोकं काढलं तर झेंडा दिसत होता. तो वर आला आणि मोजायला लागला. जुळ्या, एक, दोन. त्यांचे आई-बाप. पोस्टवाले. पोरं. दंतवैद्य. हालस्टाइन. सिग्नी. बारा, आणि तो तेरावा. सगळ्यांची नाकं लाल, सगळ्यांची बोटं शाबूत. त्याने पुन्हा मोजलं. गरज नव्हती, पण त्याला बरं वाटत होतं.

हालस्टाइनला एका स्कीवर लंगडत तळं ओलांडावं लागलं. स्टाईनबूच्या दारात घराची राखणदार बाई कपाळाला हात लावून उभी होती. ती फोनवरून बचाव पथकाला बोलवायच्याच बेतात होती. "सगळे? सगळेच्या सगळे?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मग शेगडीभोवती गर्दी झाली, वॉफलचे ढीग आले, कॉफी आली. शर्ट शेगडीवरच्या दोरीवर वाळत पडला.

तेवढ्यात टेबलावर आवाज झाला. टक् टक् टक्.

हालस्टाइन उभा होता. आस्मुंडचे कान आपोआप लाल झाले. अकरा वर्षांची सवय ती.

"अकरा वर्षांपूर्वी," हालस्टाइन म्हणाला, "मी ह्या दारापासून तीनशे पावलांवर एक माणूस उचलला. ही गोष्ट मी तुम्हाला किती वेळा सांगितलीये?"

"शंभर!" शाळेच्या बाई म्हणाल्या.

"शंभर. तर मग आता पुढची ऐका. आज मी ह्याच तळ्यावर मोजून चाळीस पावलं गेलो. माझा मोजा गेला, स्की गेली, डोळे गेले. अक्कल सकाळीच गेली होती, ती पार्किंगमध्ये संत्रं खात उभी होती." कुणी हसलं नाही, कारण त्याचे डोळे भरले होते. "वीस वर्षं मी लोकांना शोधतोय. हरवलेल्या माणसाला कसं वाटतं, ते मला आज कळलं. मी आईला हाका मारत होतो. आणि मग मला हा शर्ट दिसला. हा! ज्याला मी अकरा वर्षं हसलो, तो!" त्याचा आवाज फुटला. "आस्मुंड, तुझं ऐकलं नाही. तू मला आणलंस. मला माफ कर."

आस्मुंडने वॉफलची ताटली त्याच्यापुढे सरकवली.  "बस रे," तो एवढंच म्हणाला. "वॉफल गार होतायत."

मग टक् टक् असा आवाज आला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सिग्नी बोटांच्या पेरांनी लाकूड वाजवत होती आणि बापाकडे बघत होती. तिच्या शेजारच्या पोरांनी वाजवायला सुरुवात केली. मग जुळ्यांनी दोन्ही हातांनी. मग पोस्टवाले, शाळेच्या बाई, राखणदार बाई हातातल्या झाऱ्याने, आणि हालस्टाइन मोजा घातलेल्या हाताने. कपबशा उड्या मारायला लागल्या. आस्मुंडला तो आवाज पुरता ओळखीचा होता; आज पहिल्यांदाच त्याला वाटलं की तो थांबू नये. त्याने मान खाली घातली आणि सरळ रडला, सगळ्यांसमोर.

निघायच्या आधी राखणदार बाईने वही पुढे केली. "म्होरक्याने लिहायचं असतं," ती म्हणाली.

आस्मुंडने हात पुढे केला, पण पेन आधीच सिग्नीच्या हातात होतं. तिने जीभ दातांत धरून, ठळक अक्षरांत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं:

‘स्कारडालहून चालत आले. माणसं तेरा. हवा: आधी छान, मग वाईट, मग छान. म्होरक्या: सुती आस्मुंड.’

आणि त्याच्याखाली, जागा उरली नव्हती तरी दाटीवाटीने: ‘हे माझे बाबा आहेत.’